लांब शब्दांची वही

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने आमच्याकडे लेख मागितला तेव्हा त्यांची अपेक्षा शाळेच्या इतिहासाची असावी. इतिहास हा आमचा विषय. एम. ए. त्याचेच आणि आजवरचे अध्यापनही त्याचेच. परंतु शाळेचा इतिहास लिहिण्यास आमच्याहून ज्येष्ठ आणि अधिकारी सहकारी आहेत. आम्ही येथे एका वहीविषयी लिहिणार आहोत. शिक्षक-खोलीतील लोखंडी कपाटात, जुन्या हजेरीपटांच्या खाली ती ठेवलेली आहे. किराणा दुकानदार उधारीसाठी वापरतात तशी लांबट, लाल कापडी बांधणीची ही वही. पहिल्या पानावर मुलांच्या हस्ताक्षरात 'लांब शब्दांची वही' असे लिहिले असून आत इंग्रजी शब्द आणि त्यांचे मराठी अर्थ यांखेरीज काहीही नाही. इतिहासाच्या शिक्षकाचा अशा वहीशी संबंध कसा आला, त्याची ही हकीकत.

एका वर्षी इंग्रजीच्या शिक्षकांची जागा रिक्त झाली आणि पहिले सत्र संपत आले तरी भरली गेली नाही. वसतिगृहातील आठवीच्या मुलामुलींचा सायंकाळचा अभ्यासवर्ग मुख्याध्यापकांनी आमच्याकडे सोपविला. आमचे स्वतःचे इंग्रजी शब्दकोश मांडीवर घेऊन शिकलेले. एम. ए. करताना उत्तरपत्रिका मराठीत लिहावयाची, पण संदर्भग्रंथ बहुतांशी इंग्रजी. एक पान उलगडावयास एक तास लागे. त्यामुळे वर्गातील मुलांचे भय आम्हांला परके नव्हते. सात अक्षरांपलीकडचा शब्द दिसला की ती बोटाने अक्षरे मोजीत, एकमेकांकडे पाहत आणि पुढचे वाचन सोडून देत. वर्गातील निम्म्याहून अधिक मुलांचे आईवडील ऊसतोडीला जाणारे. कोयता आणि मोळी यांचा हिशेब तोंडपाठ असलेली ही मुले बारा अक्षरांच्या शब्दापुढे मान खाली घालीत, हे आम्हांला खटके.

एका सायंकाळी भारनियमनामुळे दिवे गेले. कंदिलाच्या उजेडात पुस्तक दिसेना. वेळ घालवावयाचा म्हणून आम्ही फळ्यावर ए, ई, आय, ओ, यू हे इंग्रजीचे पाच स्वर मोठ्या अक्षरांत लिहिले आणि विचारले, ''ही पाचही अक्षरे ज्यात आहेत असा एक शब्द सांगा. मध्ये दुसरी कितीही अक्षरे चालतील.'' त्या रात्री कोणालाही उत्तर आले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आवार झाडताना एक मुलगी प्रवेशद्वाराच्या कमानीखाली थबकली आणि झाडू हातात घेऊनच आमच्याकडे धावत आली. ''सर, सापडला. आपल्या फलकावरच आहे.'' फलकावर संस्थेचे नाव इंग्रजीतही लिहिलेले आहे आणि त्यात 'एज्युकेशन' हा शब्द आहे. ई, यू, ए, आय, ओ. पाचही स्वर, प्रत्येक एकदाच. त्या शब्दाखालून ही मुले वर्षानुवर्षे ये-जा करीत होती, आणि आम्हीही.

त्या दिवसापासून शोध सुरू झाला. गणिताच्या पुस्तकातून 'इक्वेशन' म्हणजे समीकरण आले. भूगोलातून 'सिक्वोया' हा कॅलिफोर्नियातील प्रचंड वृक्ष आला. त्याची अक्षरे अवघी सात, आणि स्वर पाचही. शब्दकोशात हिंडताना 'फसीशस' म्हणजे थट्टेखोर आणि 'ॲबस्टीमियस' म्हणजे खाण्यापिण्यात संयम पाळणारा, असे दोन शब्द सापडले. या दोन्हींत पाच स्वर ए, ई, आय, ओ, यू याच क्रमाने येतात. दुसऱ्या शब्दाचा अर्थ मुलांना लगेच उमगला, कारण रोज सकाळी पंचशील ग्रहण करताना पाचव्या शीलात ती तेच म्हणतात. मग कोणी विचारले, उलट्या क्रमाने येणारा शब्द असेल काय? तो आमच्याच विषयात निघाला. 'सबकॉन्टिनेंटल' म्हणजे उपखंडाचा. यू, ओ, आय, ई, ए. इतिहासाच्या तासाला 'भारतीय उपखंड' हे शब्द आम्ही किती वेळा उच्चारले असतील याची गणती नाही.

खेळ म्हणून हे ठीक होते. तथापि शोधाची काही रीत असावी लागते. शब्दकोश शब्दाच्या पहिल्या अक्षरावरून लावलेला असतो. शब्दाच्या पोटात कोणती अक्षरे आहेत हे ठाऊक असून आरंभ ठाऊक नसेल, तर कोश मुकाच राहतो. म्हणून आम्ही मुलांना शब्दाचे डोके आणि शेपूट ओळखावयास शिकविले. 'अन', 'री', 'डिस', 'काउंटर' ही डोकी. 'शन', 'मेंट', 'नेस', 'एबल', 'अरी' ही शेपटे. दिलेल्या अक्षरांतून आधी मधला गाभा शोधावा, मग त्याला पुढे-मागे काय जोडता येते ते पाहावे. एकदा आम्ही व्ही, ओ, एल, यू ही चार अक्षरे दिली. प्रथम 'इव्हॉल्युशन' निघाला, अक्षरे नऊ. त्याच्या आधी एक आर ठेवताच 'रेव्होल्युशन' झाला, अक्षरे दहा. उत्क्रांतीच्या आणि क्रांतीच्या इंग्रजी शब्दांत एका अक्षराचे अंतर आहे, हे पाहून वर्ग हसला. शेवटी 'अरी' लावल्यावर 'रेव्होल्युशनरी' हा तेरा अक्षरी शब्द मिळाला आणि त्यात पाच स्वरांसह वायही येऊन बसला. अखेर 'काउंटर' हे डोके जोडून वीस अक्षरांचा 'काउंटररेव्होल्युशनरी', म्हणजे प्रतिक्रांतिकारक, फळ्यावर उभा राहिला. काही कोश त्याच्या मध्ये जोडरेघ घालतात. वीस अक्षरांचा शब्द पाहून त्या दिवशी कोणीही मान खाली घातली नाही, कारण त्याचा प्रत्येक तुकडा त्यांनी स्वतः आणून जोडला होता.

येथे आमच्या हातून झालेली एक चूक सांगितली पाहिजे. उत्साहाच्या भरात आम्ही सर्वांत लांब शब्द आणणाऱ्यास पेन्सिल बक्षीस ठेवली. आठ दिवसांतच मुले कोशातून औषधांची आणि रसायनांची अगडबंब नावे उतरवून आणू लागली. ना उच्चार येई, ना अर्थ. तेव्हा फलकावरचा शब्द शोधणारी तीच मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, ''सर, ज्याचा अर्थ माहीत नाही तो शब्द सापडला असं कसं म्हणायचं?'' आम्ही निरुत्तर झालो. पाठांतराला विद्या समजण्याच्या ज्या रूढीविरुद्ध आम्ही तासन् तास बोलतो, तिलाच आम्ही एका पेन्सिलीच्या मोलाने वर्गात बोलाविले होते. बक्षीस त्याच दिवशी बंद झाले आणि वहीचा नियम ठरला. शब्दाचा अर्थ स्वतःच्या मराठीत सांगता येईल, तरच तो वहीत चढेल.

वहीची मांडणीही मुलांच्या सोयीने ठरली. प्रत्येक ओळीत दोन रकाने आहेत. उजवीकडे शब्द आणि अर्थ. डावीकडे त्याच शब्दाची अक्षरे वर्णानुक्रमाने लावून लिहिलेली. 'एज्युकेशन'ची अक्षरे अशी लावली की ए-सी-डी-ई-आय-एन-ओ-टी-यू अशी ओळ तयार होते. या रीतीचा लाभ असा की, ज्यांची अक्षरे एकच आहेत ते शब्द आपोआप एका ओळीवर येतात. 'लिसन' म्हणजे ऐकणे आणि 'सायलेंट' म्हणजे शांत, हे दोन शब्द एका ओळीवर आले तेव्हा वर्गाला ते फार आवडले. मराठीत असा खेळ सहजी साधत नाही. आपल्याकडे काना, मात्रा, वेलांटी व्यंजनाला चिकटून चालतात. 'चिमा काय कामाची' हे वाक्य उलटे वाचले तरी तेच राहते, पण तेथेही आपण 'मा' आणि 'का' अखंड उचलतो. इंग्रजीची अक्षरे मात्र एकेकटी उभी असतात, त्यामुळे त्यांना कोणत्याही रांगेत उभे करता येते.

एका सायंकाळी 'एज्युकेशन'च्या ओळीवर आणखी दोन शब्द येऊन बसले. एक 'कॉशन्ड', म्हणजे सावध केलेला. दुसरा 'ऑक्शन्ड', म्हणजे लिलाव झालेला. नऊच्या नऊ अक्षरे तीच. एका मुलाने विचारले, ''सर, म्हणजे शिक्षणाचा लिलाव होतो का?''

आम्ही त्याला इतकेच म्हणालो की, अक्षरांचा योगायोग हा पुरावा नसतो. इतिहासाचा शिक्षक म्हणून ते उत्तर बरोबरच होते. शब्दांच्या अक्षरांतून भविष्य वा सत्य काढू लागलो तर आपण ज्योतिषाच्या पंक्तीला जाऊन बसू. परंतु त्या रात्री झोप लागली नाही. आमच्या उमेदवारीच्या काळात एका संस्थेने शिक्षकाच्या जागेसाठी आमच्याकडे मोठी रक्कम मागितली होती. वडिलांनी घरची होती नव्हती ती जमीन विकावयाची तयारी दाखविली. आम्ही नकार दिला आणि पुढे चार वर्षे तासिकेच्या तुटपुंज्या मानधनावर काढली. त्या मुलाच्या प्रश्नाचे खरे उत्तर आमच्यापाशी होते, पण आठवीच्या वर्गात ते द्यावे की न द्यावे हे आम्हांला ठरविता आले नाही. तो मुलगा आता मोठा झाला आहे. हा अंक त्याच्या हाती पडेलच, म्हणून येथे सांगतो. होय, होतो. त्या ओळीवरचा 'सावध केलेला' हा तिसरा शब्द तेवढ्यासाठी लक्षात ठेवावा.

पुढे आम्हांला कळले की हा छंद जगभर चालतो. १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत अमेरिकेतील आल्फ्रेड बट्स या वास्तुविशारदाची नोकरी गेली. रिकाम्या वेळात त्याने वृत्तपत्रांतील मजकुराची अक्षरे मोजली, कोणते अक्षर किती वेळा येते याचा अंदाज घेतला आणि त्यावरून सोंगट्यांचा खेळ रचला. १९४८ पासून तो 'स्क्रॅबल' या नावाने प्रसिद्ध झाला. त्याच्या शंभर सोंगट्यांत ई बारा आहेत, आणि क्यू व झेड एकेकच. हातातील सातही सोंगट्या एका शब्दात बसविणाऱ्यास पन्नास गुण अधिक मिळतात. ब्रिटनमध्ये १९८२ पासून 'काउंटडाउन' नावाचा दूरदर्शन कार्यक्रम चालतो. त्यात नऊ अक्षरे देतात आणि तीस सेकंदांत त्यांतूनच मोठ्यात मोठा शब्द काढावयाचा असतो. आमच्या वर्गात घड्याळ लावण्याची प्रथा कधी पडली नाही. कोणाला उत्तर सापडण्यास एक रात्र लागे, कोणाला एक महिना.

'सिक्वोया'चीही एक गोष्ट मागाहून वाचनात आली. त्या वृक्षाचे नाव अमेरिकेतील चेरोकी या मूलनिवासी समाजातील सिक्वोया नावाच्या माणसावरून पडले असे मानले जाते. त्याला इंग्रजी वाचता येत नव्हते. गोरे लोक कागदावरून एकमेकांशी बोलतात, हे पाहून त्याने आपल्या भाषेसाठी स्वतः लिपी रचली. १८२१ च्या सुमारास ती पूर्ण झाली. त्या लिपीत आपल्या बाराखडीसारखे प्रत्येक चिन्ह एक पूर्ण अक्षर दाखविते. १८२८ साली त्या लिपीत वृत्तपत्रही निघाले. निरक्षर गणल्या गेलेल्या एका माणसाने आपल्या लोकांना अक्षरे दिली. ही गोष्ट आम्ही वर्गात सांगितली तेव्हा मागच्या बाकावरचा एक अबोल मुलगा प्रथमच मान वर करून ऐकत होता. त्याच्यामुळेच या वहीतील सर्वांत मोलाची नोंद झाली.

इजिप्तच्या पाठाच्या निमित्ताने आम्ही जी, एल, वाय, पी, एच ही पाच अक्षरे दिली होती. अपेक्षित शब्द 'हायरोग्लिफिक्स', म्हणजे प्राचीन इजिप्तची चित्रलिपी, अक्षरे तेरा. तो दोन दिवसांत आला. याहून लांब आहे काय, एवढे विचारून आम्ही दिवाळीची सुटी दिली. सर्व मुले घरी गेली. हा मुलगा मात्र वसतिगृहातच राहिला. आईवडील दसऱ्यानंतर टोळीबरोबर कारखान्यावर गेले होते आणि गावी घराला कुलूप होते. त्याने ग्रंथालयातील जाडजूड शब्दकोश मागून घेतला आणि पहिल्या पानापासून एकेका शब्दावर बोट ठेवीत शेपूट शोधू लागला. डी या अक्षरापर्यंत पोहोचण्यास त्याला बहुतेक सुटी लागली. शाळा उघडली त्या दिवशी त्याने फळ्यावर लिहिले, 'डर्मॅटोग्लिफिक्स'. अक्षरे पंधरा.

नियमाप्रमाणे आम्ही अर्थ विचारला. तो बोलला नाही. त्याने उजव्या हाताचा अंगठा वर्गाकडे करून दाखविला. 'डर्मा' म्हणजे त्वचा, 'ग्लिफ' म्हणजे कोरीव खूण. ग्रीक भाषेतील या दोन तुकड्यांपासून हॅरॉल्ड कमिन्स या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने १९२६ साली हा शब्द घडविला. बोटांच्या आणि तळव्याच्या त्वचेवरील रेषांचा अभ्यास, असा त्याचा अर्थ. वहीत लिहिण्यासाठी अक्षरे क्रमाने लावताना फलकवाल्या मुलीच्या ध्यानात आले की पंधरांपैकी एकही अक्षर दुसऱ्यांदा येत नाही. इंग्रजीत इतक्या लांबीचे असे शब्द फारच थोडे आहेत. आणि ज्या ठशांचा हा शब्द आहे, त्यांतलाही कोणता ठसा दुसऱ्या माणसाच्या ठशाशी जुळत नाही. हाही योगायोगच, पण या वेळी तो सांगताना आमचा आवाज जरा कापला.

त्याचे कारण आम्ही त्या दिवशी मुलांना सांगितले, आणि आज येथेही सांगतो. आमचे वडील निरक्षर होते. शाळेत कोणीतरी आम्हांला 'अंगठाबहाद्दराचा पोरगा' म्हणाले होते. तेव्हापासून प्रगतिपुस्तकावर पालकाच्या जागी त्यांचा अंगठा घेण्याऐवजी आम्ही स्वतःच त्यांचे नाव लिहू लागलो. अक्षर थोडे वाकडे काढीत असू, म्हणजे मोठ्या माणसाचे वाटावे. दादांना हे कळले होते. ते कधी काही बोलले नाहीत, फक्त निकालाच्या दिवशी शाईचा पॅड मागावयाचे थांबले. ज्याने आमच्या शिक्षणासाठी जमीन विकावयाची तयारी दाखविली, त्याचा अंगठा आम्ही लपविला होता.

इतिहासाच्या अभ्यासात आम्ही वाचले होते की, १८५८ साली बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराकडून करारावर हाताचा ठसा घेतला आणि तेथून अशा ठशांच्या सरकारी वापराला चालना मिळाली. १८९७ साली कलकत्त्यात बोटांच्या ठशांचा विभागही स्थापन झाला. परीक्षेत आम्ही हे सर्व लिहिले, गुणही मिळविले. तथापि ज्या खुणेने आम्हांला शरम वाटत आली, तिच्यावर एक शास्त्र उभे आहे, हे आमच्या मनात उतरण्यास दिवाळीत एकट्या राहिलेल्या एका मुलाचा अंगठा पाहावा लागला.

हंगाम संपल्यावर त्या मुलाचे वडील त्याला न्यावयास आले. वसतिगृहाच्या नोंदवहीत त्यांनी अंगठा उठविला. मुलगा शेजारी वाकून त्या ठशातील रेषा त्यांना दाखवीत होता आणि ते आश्चर्याने स्वतःच्या बोटाकडे पाहत होते. त्या वयात आम्ही तोंड फिरवून उभे राहिलो असतो.

आता भ्रमणध्वनीवर पाच अक्षरे टाकली की क्षणात शंभर शब्द समोर येतात. आम्ही त्याच्या विरोधात नाही. शोध लवकर लागला तर अर्थ समजून घेण्यास वेळ उरेल. इंग्रजीची जागाही यथावकाश भरली गेली आणि नवे शिक्षक आमच्याहून उत्तम शिकवितात. वही मात्र त्यांनी बंद पडू दिलेली नाही. तिची बरीच पाने अजून कोरी आहेत.

या स्मरणिकेच्या निमित्ताने माजी विद्यार्थ्यांना एक प्रश्न देऊन आम्ही रजा घेतो. इंग्रजी वर्णमालेतील पहिली सहा अक्षरे, ए, बी, सी, डी, ई, एफ, ही सर्व ज्यात आहेत असा आठ अक्षरांचा एक नित्याचा शब्द आहे. क्रम कोणताही चालेल. उत्तर आम्ही येथे देणार नाही. ते सापडल्यावर शाळेच्या पत्त्यावर आम्हांला कळवावे. तुमचे ते कळविणे, हाच त्या शब्दाचा अर्थ आहे.